पायरीवरचे त्रेसष्ट मिलिमीटर

“ए, ऊठ. कुत्र्यागत काय लोळतोयस? पावण्यांनी पाय ठेवायच्या आधी तू थोबाड घासलंस की रं.”

हे मला म्हटलं गेलं. तेव्हा मी एक्कावन्न वर्षांचा होतो. गोल्फच्या मैदानाच्या सातव्या ग्रीनवर पालथा पडलो होतो, उजवा गाल गवताला टेकवून. बोलणारे होते धाकटे मालक. त्यांच्या वडिलांनी आमच्या गावावरचा पासष्ट एकर माळ घेतला आणि त्याच्यावर नऊ भोकांचं गोल्फचं मैदान करायला काढलं. त्या दिवशी त्याचं उद्घाटन होतं. धाकट्या मालकांच्या मागं बारा पाहुणे उभे होते. मी मोजले. अपमान होत असतानाही माझं मोजणं थांबत नाही, ती माझी सवय आहे. बारांतले नऊ हसले. दहावे हसले ते आमचे आर्किटेक्ट साहेब.

साहेब पाहुण्यांना म्हणाले, “आमचा लेव्हलवाला आहे. कामाला चांगला, फक्त जरा गावंढळ.”

मी उठलो. शर्टाला चिकटलेलं गवत झाडलं. “सॉरी सर,” म्हणालो. गाल ओला झाला होता. तो पुसला नाही. पुसला असता तर डोळे पुसतोय असं वाटलं असतं.

त्या वेळी मला एक वाक्य बोलायचं होतं. “साहेब, तळ्याचं पाणी सांडव्याकडून जाणार नाही, वस्तीकडून जाईल असं दिसतंय.” एवढंच. वाक्य तोंडात तयार होतं. त्याचसाठी मी पालथा पडलो होतो. ते मी गिळलं, आणि जेवणाच्या मांडवामागं, जिथं ड्रायव्हर लोक उभे होते, तिथं जाऊन उभा राहिलो.

गिळलेल्या त्या वाक्याचं पुढं काय झालं, ते सांगायला हे लिहितो आहे.

मी सर्व्हेअर आहे. आयटीआय केलं, आधी रस्त्यांची कामं केली, मग या साहेबांकडं चौदा वर्षं. साहेब गोल्फची मैदानं आखतात. परदेशात शिकून आले आहेत. त्यांच्यासाठी चार राज्यांत मी पाच मैदानं उभी केली. हे सहावं, आणि पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या गावात. मुरगूडच्या रस्त्याला फाटा फुटतो, तिथून आत चार किलोमीटर. माझं बिऱ्हाड शिवाजी पेठेत. दोन खोल्या, बायको आणि डिप्लोमाला असलेली मुलगी. बायको हुपरीची. लग्नाआधी ती घरी बसून पैंजणाच्या कड्या जोडायची, त्यामुळं बारीक मापाची किंमत तिला माझ्याइतकीच कळते.

लोकांना वाटतं, माळ सपाट केला, गवत लावलं, की गोल्फचं मैदान झालं. तसं नाही. साहेब पेन्सिलीनं चित्र काढतात. चित्र फार सुंदर असतं. त्यात आकडे नसतात, बाण असतात. इथं हळूच उतरू दे, इथं खांदा येऊ दे. त्या बाणांचे आकडे मी करतो. ग्रीन म्हणजे भोक असतं तो तुकडा, तिथलं गवत चार मिलिमीटरवर कापलेलं. त्याला शंभराला दोन इतका उतार द्यायचा. तीनच्या वर गेला तर चेंडू थांबत नाही. एकच्या खाली आला तर पाणी थांबतं. दर दोन मीटरला खुंटी ठोकायची आणि प्रत्येक खुंटीची उंची लिहून द्यायची. सातव्या ग्रीनवर एकशे अठ्ठेचाळीस खुंट्या होत्या. एकशे अठ्ठेचाळीस आकडे माझ्या अक्षरातले. मैदानाच्या फलकावर साहेबांचं नाव आहे. ते मला मान्य होतं. चित्र त्यांचंच होतं.

सगळ्या खुंट्या झाल्या की मी लेव्हलची दुर्बीण बाजूला ठेवतो, पालथा पडतो, गाल जमिनीला लावतो आणि एक डोळा मिटून बघतो. दुर्बिणीला न दिसलेला उंचवटा गालाला दिसतो. हे मला कुठल्या साहेबानं शिकवलेलं नाही. आबांनी शिकवलं. आबा म्हणजे माझे वडील. ते पाटकरी होते. दुसऱ्याच्या उसाला पाणी पाजायचे. खोरं बाजूला ठेवून सरीत पालथे पडायचे आणि गाल मातीला लावायचे.

“पाण्याच्या डोळ्यानं बघायचं,” ते म्हणायचे. “आपल्या डोळ्यानं बघशील तर फसशील.”

म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी मी लोळत नव्हतो. आबांचं काम करत होतो. पण हे बारा पाहुण्यांना कोण सांगणार.

आता पायरीचं सांगतो.

माळाच्या माथ्यावर एक देऊळ आहे. लहान, काळ्या दगडाचं, तीन पायऱ्यांचं. माझ्या लहानपणी जत्रेला आबा मला तिथं घेऊन जायचे. आम्ही सगळ्यांत खालच्या पायरीच्या खाली थांबायचो. आबा नारळ वर धरायचे. कुणीतरी वरून तो घ्यायचं आणि अर्धी कवड परत द्यायचं. देताना हात इतका उंचावर ठेवायचं की बोटाला बोट लागू नये. मी एकदा पायरीवर हात ठेवला होता, दगड गरम आहे का बघायला. सहा-सात वर्षांचा असेन. आबांनी माझा हात असा खेचला की मनगटावर वळ उठला. त्यांनी आजूबाजूला बघितलं. कुणी बघितलं नव्हतं. आबांच्या तोंडावर तेव्हा जे होतं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर परत कधी बघितलं नाही, आणि विसरलोही नाही.

आता कुणी अडवत नाही, असं गावात सगळे सांगतात. आमच्यातलं कुणी चढतही नाही, हे कुणी सांगत नाही.

आमच्या वस्तीला गावात खालची वस्ती म्हणतात. खालची म्हणजे किती खालची, हे मी मोजलेलं आहे. वस्तीच्या विहिरीचा कठडा देवळाच्या खालच्या पायरीपेक्षा अठरा मीटर चाळीस सेंटिमीटर खाली आहे. माझी थोरली बहीण, आक्का, तिथंच राहते. तिचं वय त्रेसष्ट. नवरा वारलेला. नळाला पाणी आठवड्यातून दोनदा. बाकी सगळं विहिरीवर.

मैदानाचं काम सुरू झालं तेव्हा पहिल्या दिवशी मला बेंचमार्क ठरवायचा होता. बेंचमार्क म्हणजे अशी एक पक्की खूण, जी हलणार नाही. तिची उंची शंभर धरायची आणि सगळ्या पासष्ट एकरांची उंची तिच्यापासून मोजायची. माळावर न हलणारी एकच गोष्ट होती. देवळाची खालची पायरी. सकाळी सात वाजता माळावर चिटपाखरू नव्हतं. मी छिन्नी घेतली, पायरीच्या कोपऱ्यावर बोटभर बाण कोरला, तांबड्या ऑइल पेंटनं रंगवला. शेजारी लिहिलं, १००.०००. मग त्या पायरीवर तळहात ठेवला. पूर्ण. दगड गार होता. त्रेचाळीस वर्षांनी कळलं.

खरं सांगतो, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. पासष्ट एकरांचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक टेकाड आता त्या बाणापासून मोजलं जाणार होतं. बाण मी कोरला होता.

दुसरी खूण मी गेटजवळ सिमेंटच्या खांबावर केली. एक हरवली तर दुसरी असावी, हा नियम आहे. तो खांब पुढच्या महिन्यात जेसीबीनं उपटला. राहिली पायरी.

सातव्या ग्रीनला लागून तळं होतं. सगळ्या मैदानाचं पाणी त्यात उतरवायचं. मैदानाच्या पाण्यात खत असतं, बुरशीचं औषध असतं, किड्याचं औषध असतं. ते बाहेर जाणार ते पूर्वेकडच्या सांडव्यावरून, ओसाड ओघळीत. पश्चिमेला उतार थेट खालच्या वस्तीकडं आणि विहिरीकडं. म्हणून पश्चिमेचा काठ सांडव्यापेक्षा उंच हवा. एवढी साधी गोष्ट.

मी म्हणालो, “साहेब, काठ निदान तीस सेंटिमीटर उंच ठेवू. आषाढात हा माळ कसा वाहतो ते मला माहीत आहे.”

साहेब म्हणाले, “तीस? मग ते तळं नाही दिसणार, शेताचा बांध दिसेल. पाणी गवताला टेकलेलं दिसलं पाहिजे. पाच दे.”

पाच सेंटिमीटर. मी दिले. काठ ९६.४५०, सांडवा ९६.४००. पाच सेंटिमीटर कमी आहेत, पण बरोबर धरले तर पुरतील, असा मी हिशेब केला. काठ माझ्या देखरेखीखाली बांधून झाला. सांडवा पावसाळ्यानंतर करायचा ठरला. मला साहेबांनी चार महिन्यांसाठी दुसऱ्या राज्यातल्या कामावर पाठवलं.

दसऱ्याला परत आलो, तर देवळाचा जीर्णोद्धार झाला होता. मालकांनी खर्च केला होता. कळसाला रंग, गाभाऱ्याला टाइल्स, पायऱ्यांवर काळं चकचकीत ग्रॅनाईट. बाजूला स्टीलचं रेलिंग. माझा बाण नव्हता. तो ग्रॅनाईटखाली गेला होता.

तिथं ठेकेदाराचा इंजिनिअर, दोन गडी आणि धाकटे मालक होते. सांडव्याची उंची त्याच दिवशी ठरवायची होती, काँक्रीटची गाडी निघालेली होती. मी विचारलं, “जुनी खूण कुठं गेली?”

धाकटे मालक म्हणाले, “पायरी तीच हाय की. वर नुसती फरशी बसवलीया.”

मी म्हणालो, “मग फरशी किती जाड आहे ते बघावं लागेल.” आणि पट्टी घेऊन पायरीकडं निघालो. पट्टी म्हणजे आकडे लिहिलेली चार मीटर उंच काठी. ती खुणेवर उभी धरायची आणि दुर्बिणीतून वाचायची.

धाकटे मालक मध्ये आले. हात जोडल्यासारखे केले. आवाज अजिबात चढवला नाही.

“अहो सर्व्हेअर, तुम्ही खालनंच बघा की. आताच पूजा झालीया. पट्टी आमचा माणूस धरंल.”

अहो म्हणाले. तुम्ही म्हणाले. एक शिवी नाही. पोलिसात सांगायला गेलं तर काय सांगणार? मला अहो म्हणाले, असं?

त्यांचा माणूस चपला काढून पायरीवर चढला. पट्टी ग्रॅनाईटवर टेकवली. मी दुर्बिणीपाशी उभा होतो. माझं मनगट दुखायला लागलं, चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचं. मी फिल्डबुकात नोंद केली, “खुणेवर फरशी, तपासणे.” मग साहेबांना फोन लावला. म्हणालो, “एक तास द्या, पश्चिमेच्या काठावरून उलटं मोजून पडताळतो.” साहेब म्हणाले, “पायरी जागेवर आहे ना? मग वाद कशाला घालतोस? गाडी परत पाठवायची का?”

खरं कारण मी साहेबांना सांगितलं नाही. मला पायरीला हात लावू दिला नाही, हे चौदा वर्षं ज्यांच्याबरोबर जेवलो त्या माणसाला सांगायची मला लाज वाटली. लाज माझी नव्हती. पण वाटली मला.

ग्रॅनाईटला शंभर धरून सांडवा ओतला. दुसऱ्या दिवशी मला परत बाहेरच्या कामावर पाठवून दिलं. ती नोंद तशीच राहिली. तपासणे.

उद्घाटनाला आलो तेव्हा तळं बोअरच्या पाण्यानं काठोकाठ भरलेलं होतं, फोटोसाठी. ती नोंद आठवली, शंका आली. पालथा पडलो. गालाच्या उंचीवरून बघितलं तर पाणी माझ्या बाजूच्या गवताला टेकलेलं, आणि पलीकडं सांडव्याचं काँक्रीट कोरडं, पाण्याच्या वर. तेवढ्यात ते वाक्य आलं. ए, ऊठ.

पुढचं आषाढात झालं.

आक्काचा फोन आला. नेहमी ती आधी मुलीचं विचारते. त्या दिवशी विचारलं नाही. म्हणाली, “तुझ्या तळ्याचं पाणी आलंय बघ हिरीत.”

तुझ्या तळ्याचं. धाकट्या मालकांनी मला कुत्रा म्हटलं, ते मी सहन केलं. हे झालं नाही.

मी पहिल्या एसटीनं गेलो. पाणी पश्चिमेच्या काठावरून, सातव्या ग्रीनच्या कडेनं, मी दिलेल्या शंभराला दोन उतारानं, अगदी सरळ, कुठंही न अडता वस्तीत उतरत होतं. मी आयुष्यात इतका चांगला उतार केला नव्हता. विहिरीच्या पाण्यावर हिरवट साय होती, औषधाचा वास होता. आक्काच्या दारात चिखल. वस्तीतले लोक माझ्याकडं बघत होते. एक म्हातारा तेवढा बोलला, माझ्या आबांबरोबर पाणी पाजायला असायचा तो.

“तुझ्या बाच्या हातनं एका सरीचं पाणी कधी दुसऱ्या सरीत गेलं न्हाई रं.”

मी मान खाली घातली.

आठ दिवसांनी मला मैदानाच्या क्लबहाऊसवर बोलावलं. साहेब आणि धाकटे मालक बसले होते. ग्रामपंचायतीत तक्रार गेली होती. समोर एक कागद टाइप केलेला. त्यात दोन वाक्यं. बेंचमार्क बदलला असता सर्व्हेअरनं तो तपासला नाही. त्यामुळं झालेल्या चुकीची पूर्ण जबाबदारी सर्व्हेअरची आहे.

“सही कर,” साहेब म्हणाले. “कागद फायलीत राहील. पुढचं काम गोव्याला आहे, तूच येणार आहेस.”

मी कागद तीन वेळा वाचला. पहिलं वाक्य खरं होतं. मी तपासलं नव्हतं. खरं आहे ते नाकारायला मला कधी जमलेलं नाही.

म्हणालो, “साहेब, एक वाक्य मध्ये घाला. मग सही करतो. सर्व्हेअरला पायरीवर पट्टी टेकवू दिली नाही.”

धाकटे मालक हसले. “कोण म्हणलं टेकवू दिली न्हाई? मी हात जोडून बोललो तुमच्यासंगं.”

साहेब म्हणाले, “अरे, जातबीत कशाला आणतोस यात? हा लेव्हलचा विषय आहे.”

“मी लेव्हलचंच सांगतोय,” मी म्हणालो. “मी पायरीवर गेलो असतो तर फरशी मोजली असती. फरशी मोजली असती तर सांडवा वर गेला नसता.”

साहेबांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नाहीत. माझ्या मुलीला त्यांनी ड्रॉइंगचा बोर्ड दिला होता. ते हळू आवाजात म्हणाले, “तू तेव्हा मला का नाही सांगितलंस?”

मी तो टाइप केलेला कागद घडी करून खिशात घातला.

सही न करता मी उठलो. विचार करून सांगतो म्हणालो. म्हणजे अजून नाही म्हणालो नव्हतो, हे प्रामाणिकपणे लिहितो. घरी बायकोला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, “किती फरक हाय म्हणतासा?”

मी म्हणालो, “मोजायचाय.”

“मोजला न्हाई अजून?” ती म्हणाली. “मग सही करा न्हाईतर करू नका, मी काय सांगणार. पण न मोजता करू नका. आणि केलीसा तर मला सांगू नका.”

दुसऱ्या दिवशी मी माझी स्वतःची जुनी दुर्बीण घेऊन गेलो. पट्टी धरायला माणूस नव्हता. वस्तीतले तरुण कामावर गेलेले, आणि मैदानावर माळीकाम करणारे चारजण माझ्याबरोबर दिसायला तयार नव्हते. त्यांचं बरोबर होतं.

आक्का म्हणाली, “मी धरतो. काय करायचं असतंय?”

“सरळ हुबी धरायची. हालवायची न्हाई.”

“एवढंच? जलमभर दुसरं काय केलंय?”

पश्चिमेच्या काठावरून सुरुवात केली. तो ९६.४५०, जुन्या खुणेवरून बांधलेला, त्यात खोट नव्हती. सहा टप्प्यांत माळ चढलो. प्रत्येक टप्प्याला आक्का पट्टी घेऊन पुढं, मी दुर्बीण घेऊन मागं. शेवटचा टप्पा पायरीचा. आक्का पायरीपाशी थांबली. माझ्याकडं बघितलं. मी पण तिच्याकडं बघितलं. आबांचा तो चेहरा मला तिच्या तोंडावर दिसला. ती बहीण आहे माझी, तिला पण आबांनीच खेचलं असणार कधीतरी.

मी म्हणालो, “ऱ्हाऊ दे आक्का, मी धरतो.”

“मग बघणार कोण? मला आकडे येत्यात व्हय?”

तिनं चपला काढल्या. डाव्या हातानं रेलिंग धरलं आणि पायरीवर चढली. पट्टी ग्रॅनाईटवर टेकवली, दोन्ही हातांनी धरली, आणि समोर बघत उभी राहिली.

मैदानाचा वॉचमन पळत आला. “ए म्हातारे! उतर खाली! कुणाला इचारून चढलीस?”

“आजवर इचारूनच खाली हुबारलो की,” आक्का म्हणाली.

“पाय तरी धुतलीस का?”

“धुतल्यात. तुमच्याच तळ्याच्या पाण्यानं. घरात आलंय न्हवं.”

वॉचमन मागं सरला. त्यानं फोन लावला. आक्का हलली नाही. “तू तुझं बघ लौकर,” मला ओरडली, “खांदा भरून आलाय.”

मी वाचलं. दुर्बिणीत माझा डोळा भरत होता, म्हणून तीन वेळा वाचलं. तिन्ही वेळा तोच आकडा. फिल्डबुकात बेरीज-वजाबाकी केली. ग्रॅनाईटची उंची शंभर नव्हती. १००.०६३ होती. अठरा मिलिमीटर फरशी, पंचेचाळीस मिलिमीटर तिच्याखालचा सिमेंटचा मसाला. त्रेसष्ट. म्हणजे सांडवा त्रेसष्ट मिलिमीटर उंच बसला होता. काठ त्याच्यापेक्षा पन्नास उंच असायचा, तो तेरा मिलिमीटर खाली राहिला.

तेरा मिलिमीटर. माझ्या करंगळीची रुंदी. तेवढ्यासाठी माळाचं सगळं पाणी वस्तीत वळलं. आणि तेवढं मोजायला मला पायरीवर चढू दिलं नव्हतं.

धाकटे मालक जीपनं आले. आक्का अजून पायरीवरच होती. ते मला म्हणाले, “हे लई झालं हां.” अहो गेलं होतं, तुम्ही गेलं होतं. “बाईमाणसाला पुढं घालून नाटकं करतोस? उतरव तिला.”

मी त्यांच्याकडं बघितलं. तोंडात “सॉरी सर” आलं होतं. सवयीनं आलं. ते मी गिळलं. त्या मैदानावरची गिळायची माझी ही दुसरी वेळ, आणि या वेळी बरोबर गिळलं.

म्हणालो, “उतरेल. तिचं काम झालं की उतरेल. मला अजून एकदा वाचायचंय.”

आणि मी चौथ्यांदा वाचलं. गरज नव्हती. आक्कानं चौथ्यांदा पट्टी सरळ केली.

त्या संध्याकाळी साहेबांना मी सहीशिवायचा कागद परत पाठवला. सोबत माझा कागद जोडला. त्यात सहा टप्प्यांचे सगळे आकडे आणि तीन वाक्यं. खूण बदलली, मी तपासली नाही. मला पायरीवर पट्टी टेकवू दिली नाही. मी तेव्हा गप्प बसलो. खाली माझी सही. साहेबांचं उत्तर आलं नाही. गोव्याला दुसरा सर्व्हेअर गेला.

यानंतर काहीतरी चांगलं झालं असं कुणाला वाटत असेल, तर तसं झालं नाही. सांडवा कुणी फोडला नाही. तेरा मिलिमीटर नाही, शंभर मिलिमीटर काँक्रीट काढायला ब्रेकर लावला तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी चार कचेऱ्यांत अर्ज दिले, चार पोहोचपावत्या माझ्याकडं आहेत. पाहणीला एकदा दोघं आले, क्लबहाऊसवर चहा घेऊन गेले. पश्चिमेच्या काठावर मैदानवाल्यांनी कुंड्या ठेवल्या. पाणी कुंड्यांच्या मधून येतं. वस्तीनं वाळूची पोती रचली, चौसष्ट. यंदाच्या पावसाळ्यात आजपर्यंत अकरा वेळा पाणी आलं. तारीख, वेळ, विहिरीत किती चढलं, सगळं मी लिहून ठेवलं आहे. आक्का आता विहिरीचं पाणी भांड्यालासुद्धा घेत नाही. पाऊण किलोमीटरवरून आणते. त्रेसष्टाव्या वर्षी. मला त्यात काही करता येत नाही. रविवारी जातो आणि दोन घागरी आणून देतो. दोनच होतात.

वस्तीतले लोक माझ्याशी बोलतात आता. सगळे नाही.

माझं वय त्रेपन्न आहे. पेठेत घरांच्या, गटारींच्या लेव्हल काढून देतो. गोल्फची मैदानं बंद झाली. पण एक काम मी केलं आहे. विहिरीच्या कठड्यावर छिन्नीनं बाण कोरला आहे. बोटभर नाही, वीतभर. त्याच्याशेजारी शंभर लिहिलेलं नाही. शून्य लिहिलं आहे. माझ्याकडचे माळाचे सगळे आकडे मी नव्यानं काढले आहेत. आधी देवळाची पायरी शंभर होती आणि आमची वस्ती तिच्याखाली किती, ते मी मोजलं होतं. आता विहीर शून्य आहे, आणि तिच्यावर कोण किती चढून बसलंय, त्याचे आकडे वहीत आहेत. कुणी बाण पुसला तर परत कोरेन. फरशी बसवली तर फरशी फोडून कोरेन.

आणि सातवं ग्रीन कुणी बांधलं असं कुणी विचारलं, तर मी सांगतो, मी बांधलं. उतार माझा आहे. पाणी घरात आलं त्यात माझं एक गिळलेलं वाक्य आहे. ते वाक्य मी आता गिळत नाही. प्रत्येक अर्जाच्या पहिल्या ओळीत तेच लिहितो, पाचव्या अर्जातही लिहिलं आहे, आणि तो सांडवा फुटेपर्यंत लिहिणार आहे. तळ्याचं पाणी सांडव्याकडून जात नाही. वस्तीकडून जातं. मी मोजलेलं आहे.